देशांतर्गत खेळाडूंचा राष्ट्रीय फुटबॉल संघ कसा बांधावा

आफ्रिकेत 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘चॅन’ (आफ्रिकन नेशन्स चॅम्पियनशिप) या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत फक्त स्वतःच्या देशाच्या लीगमध्ये खेळणाऱ्यांनाच प्रवेश असतो. त्यामुळे केनियाचा खेळाडू शेजारच्या टांझानियातील क्लबकडे असला, तरी तो केनियाच्या या संघासाठी अपात्र ठरतो. म्हणून निवडीच्या आधी प्रत्येकाची क्लब-नोंदणी तपासावी आणि ऐन वेळी कोणी परदेशी क्लबशी करार केला (चांगल्या खेळाडूंच्या बाबतीत हे हमखास घडते), तर त्याची जागा घेणारा खेळाडू आधीच सरावात असावा.

खरी कसोटी मात्र क्लबांशी जुळवून घेण्याची असते. ही स्पर्धा फिफाच्या राखीव आंतरराष्ट्रीय कालावधीबाहेर होत असल्याने खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबांवर नसते. तेव्हा लीगचे वेळापत्रक ठरतानाच शिबिराच्या तारखा मागून घ्याव्यात आणि दुखापतीच्या उपचारांचा खर्च कोण करणार, हे लेखी ठरवावे.

सरावाला दिवस थोडे मिळतात. अशा वेळी एखाद्या बलाढ्य क्लबची बचावफळी आणि गोलरक्षक एकत्रच घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण त्यांची परस्परांतील समज शिबिरात नव्याने घडवावी लागत नाही; आक्रमणासाठी मात्र निरनिराळ्या क्लबांतील खेळाडू पारखावेत. नावापेक्षा चालू हंगामात प्रत्यक्ष खेळलेली मिनिटे पाहावीत. मुख्य संघाच्या प्रशिक्षकाला सराव सामन्यांना अवश्य बोलवावे.