जोत्यातला भराव: या चुका टाळा

दोन पावसाळे होत नाहीत तोच स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याच्या टाइलपट्टीखाली) बोटभर फट पडते, टाइल ठोकली की पोकळ वाजते आणि खापर फुटतं टाइलवाल्यावर. नागपुरात अशा तक्रारींचं मूळ बहुतेकदा फरशीखाली जोत्यात टाकलेल्या भरावात असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तीन फूट भराव एका दमात टाकणं. टिपर मुरूम ओततो, वरून रात्रभर पाइप सोडतात आणि मिस्त्री सांगतो, "पाण्यानं बसून जाते आपोआप." पाण्यानं स्वच्छ रेती बसते, मातकट मुरूम नाही. वरचा थर कडक होतो, खाली ढेकळांमधल्या पोकळ्या तशाच राहतात, आणि ते पाणी तळाच्या काळ्या मातीत मुरून तिला फुगवतं.

बेसा भागातल्या एका घरात हॉलची फरशी दीड इंच खचली होती. कॉलम ठणठणीत, कारण फुटिंग (कॉलमचा पाया) कडक मुरमावर. पण थेट पीसीसीवर (भरावावरच्या साध्या काँक्रीटच्या थरावर) उभ्या केलेल्या चार इंची भिंतीला तिरपी भेग. मालकानं पुट्टी भरली, टाइल बदलल्या. फरशी पुन्हा खचली. खोदल्यावर फूटभर खाली सळई हातानं आत जात होती, आणि बाथरूमचा गळका ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जाणारं भांडं) तिथं पाणी सोडत होता. आधी गळती बंद करा, मग सैल भराव काढून थरांनी पुन्हा भरा. पुट्टीनं काही होत नाही.

थर सहा इंचांचा, फार तर आठ. मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण हात ओला होऊ नये. प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टरचे (भराव दाबायच्या मशीनचे) पाच-सहा फेरे मारा. बारा एमएमची सळई हातानं जोर लावून घुसत असेल तर पुढचा थर टाकूच देऊ नका. मोठ्या कामात कोअर कटरनं (दाबलेल्या भरावाचा नमुना काढायच्या नळीनं) घनता तपासा. प्रॉक्टर घनतेच्या, म्हणजे त्याच मुरमाच्या प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या, 95 टक्के तरी हवी.

कॉलमजवळ आणि प्लिंथ बीमच्या कडेला मशीन पोचत नाही. तिथं चार इंचांचे थर आणि हातधुमस. फरशी सगळ्यात आधी इथंच खचते, तरी ठेकेदार हेच काम टाळतो.

खड्ड्यातून निघालेली काळी माती जोत्यात नको. लाकडाचे तुकडे, मलबाही नको, वाळवी लागते.

भराव तसाच सोडून "एक पावसाळा खाऊ द्या" म्हणतात, तो दबाईला पर्याय नाही.

ड्रेनेजची चर भरावानंतर खोदली असेल तर तीही थरांनीच दाबा. पीसीसीआधी पाइपात पाणी भरून गळती बघा.