बाक एक, मंडळ्या चार: या चुका टाळा

गोव्यात वास्कोला आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. नगर-कोल्हापूरकडून आलेली मराठी घरं, इथलीच कोकणी घरं, हुबळीकडची कन्नड कुटुंबं आणि हॉटेलांत राबणारी ईशान्येकडची मुलं. उपासना संपली की अंगणात चार वेगळे घोळके उभे राहायचे. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आमच्याच आहेत.

'कोकणी म्हणजे मराठीच की'

हे वाक्य गोव्यात तरी तोंडातून काढू नका. इथे भाषेवरून माणसं रस्त्यावर उतरली आहेत. थॉमस स्टीफन्स या जेजुइट फादरने 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत रचलं, ते 1616 साली गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. व्याकरण मात्र त्याने कोकणीचं लिहिलं. दोन भाषा दोन आहेत हे त्या परदेशी माणसाला कळलं होतं.

आम्ही हौसेने कोकणी गीत पडद्यावर लावलं, देवनागरीत. पुढच्या बाकावरच्या आंटी दोन कडवी ओठ मिटून उभ्या होत्या. नंतर हळूच म्हणाल्या, "बाबा, म्हाका हीं अक्षरां वाचूंक येनात." गोव्यातले अनेक ख्रिस्ती कोकणी वाचतात ती रोमी, म्हणजे रोमन लिपीत. आता प्रत्येक ओळ दोन्ही लिप्यांत लावतो. दहा मिनिटांचं काम, पण ते आधी कुणाला सुचलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

सगळं इंग्रजीत उरकणं

सोयीचं वाटतं, पण म्हाताऱ्या माणसांना प्रार्थनासभेची वेळ बदललेली कळत नाही. सूचना तीन भाषांत द्या. प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत करावी. आमेन सगळ्यांना कळतं.

वर्षातून एक सांस्कृतिक संध्याकाळ, कमिटी मात्र आपलीच

सर्वांत मोठी चूक ही. नाताळात सगळ्यांचे पोशाख, सगळ्यांची नाचगाणी. पण पैसे कुठे खर्च करायचे, हे ठरवायला बसायची ती मराठी आडनावं. प्रीतिभोजनानंतर नळाखाली पातेली घासायला दर वेळी त्याच दोन कन्नड बायका. आम्ही त्याला त्यांची सेवा म्हणायचो.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटणीत आपल्या विधवा मागे राहतात, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. मंडळीने सात जण निवडले: स्तेफन, फिलिप, निकानोर, तिमोन... सातही नावं ग्रीक! ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच हाती वाटप दिलं. हे वाचून आम्ही भोजनाचा हिशेब त्या दोघींपैकी एकीकडे सोपवला. भांड्यांची पाळी आता फळ्यावर लिहिलेली असते आणि पहिलं नाव पाळकांचं, म्हणजे पास्टरचं असतं.

आडनावावरून अंदाज

गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये जातवार कोंफ्रारी, म्हणजे धार्मिक बंधुसंघ होते, हे आपण दुसऱ्यांबद्दल सांगतो. पण नवीन माणूस आला की 'गाव कुठलं, आडनाव काय' हे आपणही विचारतोच, आणि सोयरिकीच्या वेळी तर हमखास. प्रभुभोजनाचा प्याला एक आणि मनात उतरंड, हे चालू देऊ नका.

येणं थांबलं तर वाट पाहणं

'येतील परत' म्हणत बसू नका. आठवड्याच्या आत घरी जा, त्यांची भाषा बोलणाऱ्याला सोबत घेऊन. गेल्यावर समजावू नका. चहा घ्या आणि आपलं काय चुकलं ते विचारा.