बीएलएसचं कार्ड: झेरॉक्स नको, क्यूआर दाखवा

नव्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून रुजू होताना एचआरने बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे सीपीआरसारख्या जीवरक्षक उपचारांचा कोर्स) कार्डाची रंगीत झेरॉक्स परत केली. डिजिलॉकरमध्ये टाकलेला फोटोही चालेना. तिथे आपण अपलोड केलेलं वेगळं, संस्थेने थेट जारी केलेलं वेगळं. मूळ कागदाचा दर्जा फक्त दुसऱ्याला.

माझा बीएलएस कोर्स अमेरिकन हार्ट असोसिएशनचा; त्यांचं ई-कार्ड मात्र ईमेलवर आलेल्या लिंकवरून आपणच क्लेम करायचं, म्हणजे आपल्या नावावर घ्यायचं असतं. माझी लिंक स्पॅममध्ये लोळत होती! क्लेम केल्यावर क्यूआर आणि ई-कार्ड कोड मिळाला. एचआरच्या मॅडमनी तिथल्या तिथे मोबाईलने स्कॅन केलं. नाव, तारीख समोर. काम झालं.

वैधता २ वर्षं, शेवटच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. आणि मुलींनो, कोर्सला कॉलेजचा ईमेल देऊ नका. पास झाल्यावर तो बंद झाला तर पंचाईत.