सेन्सर विकत आणण्याआधी : जुन्या टिप्परच्या तपासणीची तयारी

चवथ आटोपली, पाऊस ओसरला, की गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या खाणींच्या भागात पावसाळाभर उभे असलेले टिप्पर पुन्हा धुतले जातात. यातल्या काहींचं निम्मं आयुष्य उभ्यानेच गेलं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग ८८ लीज रद्द झाल्यावर मार्च २०१८ पासून पुन्हा. ट्रक उभा राहिला की इंजिनापेक्षा वायरिंग आधी खराब होतं. तरीही डॅशबोर्डवरचा चेक लाइट (इंजिनात दोष असल्याचा दिवा) पेटला की मालक पहिला फोन स्पेअरपार्टच्या दुकानाला करतो आणि गिअर खरखरला की गिअरबॉक्स उतरवायची भाषा सुरू होते. ही दोन्ही कामं सगळ्यात शेवटी करायची आहेत. त्याआधी काय काय हाताशी हवं आणि काय बघून ठेवायचं, ते पुढे देतो. हे कॉमनरेलच्या, म्हणजे सेन्सर वाचून डिझेल सोडणारा कॉम्प्युटर (ईसीयू) असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. साध्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला गिअरबॉक्सचा भाग तेवढा लागू.

पहिली गोष्ट वही. ड्रायव्हर मालकाला सांगतो, ‘पात्रांव, गाडी ओढत नाही.’ एवढ्यावर थांबू नका. थंड असताना की तापल्यावर? रिकामी असताना की भरून चढ घेताना? कुठल्या गिअरला? बंद पडली तर लगेच स्टार्ट होते की अर्ध्या तासाने? तापल्यावर बंद पडून निवल्यावर स्टार्ट होणारी गाडी बऱ्याचदा क्रँक सेन्सरकडे (इंजिनचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरकडे) बोट दाखवते. फक्त भरलेली असताना चढाला मरणारी गाडी मात्र आधी डिझेल फिल्टर, टर्बोचा फाटका होज, नाहीतर सरकणारी क्लच प्लेट दाखवते. उत्तरं ड्रायव्हर समोर असतानाच लिहून घ्या. संध्याकाळी तो घरी गेला की तपशीलही त्याच्याबरोबर जातो.

हत्यारांत मल्टिमीटर हवाच, आणि ईसीयूतले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर २४ व्होल्टला चालणारा हवा. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी असतात. मोठ्या टिप्परला लावले तर जळू शकतात, आणि जळले नाहीत तरी जुन्या ट्रकचा ईसीयू त्यांच्याशी बोलेलच असं नाही. बल्बचा टेस्ट लॅम्प हेडलाइट, हॉर्नसाठी ठीक. सेन्सरच्या तारांना तो लावू नका, ईसीयूचं सर्किट जाऊ शकतं. स्कॅनर जोडल्यावर कोड आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणीचे आकडे) आधी वहीत उतरवा, मगच पुसायचा विचार करा. आधी कोड पुसून मग तक्रार ऐकणाऱ्या मिस्त्रीकडे मी तरी गाडी देणार नाही.

आता बॅटरी. इथे घाई करू नका. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात, त्या वेगवेगळ्या मोजा. एक १२.६ आणि दुसरी १२.१ असेल तर बेरीज २४.७ येते, दिसायला ठीकठाक, पण सेल्फ (स्टार्टर) मारताना कमजोर बॅटरी बसते. सेल्फ फिरत असताना एकूण व्होल्टेज १९च्या खाली गेलं तर ईसीयू गोंधळून नको ते कोड टाकू शकतो. गाडी चालू झाल्यावर साधारण २८ व्होल्ट यायला हवेत. मग अर्थिंग. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी सोडवा, पॉलिश पेपरने दोन्ही टोकं चकाकेपर्यंत घासा, परत आवळा, वरून ग्रीस लावा. आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळ्याचा ओलावा यामुळे पट्टी वरून काळी, आतून हिरवी झालेली असते. सेन्सरचे कितीतरी ‘दोष’ या घासकामातच संपतात.

त्यानंतर कपलर, म्हणजे वायरिंगचे जोड. क्रँक सेन्सरचा कपलर उघडून उजेडात धरा. पिनेवर हिरवी भुकटी दिसेल, किंवा एखादी पिन आत ढकललेली असेल, किंवा तोंड इतकं रुंदावलेलं की नुसती बसते, धरत नाही. वायरिंग ब्रॅकेटवर घासतं का, उंदरांनी कुरतडलंय का, हेही पाहा. एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर ते सगळे एकदम मेले असं समजू नका. बऱ्याच सेन्सरना ईसीयूकडून ५ व्होल्टचा एकत्र पुरवठा असतो, आणि एक शॉर्ट झाला की बाकीचे उगीच आरोपी ठरतात. एकेक कपलर काढत जा. ज्याच्यानंतर ५ व्होल्ट परत येतात, तो खरा. लाल चिखल धुताना प्रेशर पंपाचं तोंड ईसीयू आणि कपलरवर कधी नको.

सेन्सरची पहिली खरी चाचणी फुकट आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करा. कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं आणि बाहेरच्या हवेइतकं दिसलं पाहिजे. उणे ४० दिसलं तर बहुतेक वायर तुटलेली किंवा कपलर सुटलेला. टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा बूस्ट सेन्सर इंजिन बंद असताना वातावरणाचाच दाब दाखवतो. किनाऱ्यालगत तो १०० किलोपास्कलच्या आसपास, चोर्ला घाटाच्या माथ्यावर थोडा कमी. अ‍ॅक्सिलरेटर पेडलमध्ये बहुधा दोन सिग्नल असतात, एक दुसऱ्याच्या साधारण दुप्पट. पेडल हळूहळू दाबताना दोन्ही एकसारखे वाढले पाहिजेत, मध्येच उडी नको. रेल प्रेशरची (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाची) तक्रार असेल तर आधी वॉटर सेपरेटरचं पाणी काढा. उभ्या टाकीत ते जमतंच. चालू इंजिनची हाय प्रेशर लाइन मात्र सैल करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

गिअरबॉक्सच्या बाबतीत उतरवण्याआधी कानाने ठरवा. न्यूट्रलला आवाज आहे आणि क्लच दाबला की थांबतो, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग. क्लच पूर्ण दाबून थोडं थांबून रिव्हर्स टाका. तरी खरखरला तर क्लच सुटत नाही, म्हणजे आधी मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर बघायचे. मग स्वच्छ ट्रे घेऊन थोडं ऑइल काढा. पिवळसर चमक म्हणजे सिंक्रो रिंगा (गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा) झिजतायत, टोकदार पोलादी कण म्हणजे दात किंवा बेअरिंग, दुधासारखं ऑइल म्हणजे ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या भोकातून) शिरलेलं पाणी. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर टिप्परमध्ये पीटीओवरच्या (गिअरबॉक्समधून हौदा उचलायला ताकद घेणाऱ्या जोडावरच्या) हायड्रॉलिक पंपाचं सील बघा, हौदा उचलणारं ऑइल तिथून गिअरबॉक्समध्ये उतरतं. स्पीड सेन्सर गिअरबॉक्सवरच असेल तर तोही काढून टोक पुसा. त्यावर लोखंडी कीस चिकटून वेगाचा मीटर बंद पडतो, आणि किती कीस आहे त्यावरून आतली झीजही कळते.

गाडीखाली शिरण्याआधी चाकांखाली दोन्ही बाजूंनी चिरे (दगड) लावा. हौदा उचललेला असेल तर टेकू दिल्याशिवाय खाली कोणी जायचं नाही. चेसिसला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीच्या केबल आणि ईसीयूचा कपलर काढून ठेवा.

शेवटी ट्रायल. रिकाम्या गाडीने फोंड्याच्या सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही. निम्मा माल भरून केरीहून चोर्ल्याच्या पहिल्या वळणांपर्यंत जा. स्कॅनर शेजारच्या माणसाच्या हातात, ड्रायव्हरच्या नाही. रेव्ह (इंजिनचे फेरे) वाढतात आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच सरकतोय. रेव्हच वाढत नाहीत, तर डिझेल, हवा किंवा लिंप मोड (दोष दिसल्यावर ईसीयूने मुद्दाम कमी केलेली ताकद). परत आल्यावर इंजिन गरम असतानाच कोड पुन्हा वाचा, पेंडिंगमधलेही (अजून पक्के न झालेले), आणि सकाळच्या आकड्यांशेजारी लिहा. सेन्सर घ्यायचा ठरलाच तर जुन्यावरचा पार्ट नंबर त्याच पानावर उतरवून दुकानात जा.