खेडा खरेदीत माल देताय? रद्द झालेल्या कायद्यावर विसंबू नका

सोयाबीनची मळणी आटोपत आली की व्यापाऱ्याचा टेम्पो थेट खळ्यावर येतो. "काका, मार्केटला कशाला जाता, इथंच काटा करू." भाडं वाचतं, म्हणून माल दिला जातो; हीच खेडा खरेदी. पैसे अडकले तर प्रांताकडे (प्रांताधिकाऱ्याकडे) जाऊ, तीन दिवसांचा कायदा आहे, असं अजूनही काही जण म्हणतात. तो कायदा आज अस्तित्वात नाही.

2020 च्या केंद्रीय व्यापार कायद्यात त्याच दिवशी, फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे देण्याचं बंधन होतं, आणि तक्रार प्रांताकडे करता येत होती. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाला मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्याकडचे थकलेले पैसे याच वाटेनं मिळाले. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये ते सांगितलं आणि गोष्ट गावोगाव पोचली. पुढची बातमी मात्र तेवढी पोचली नाही, याची मला खरंच काळजी वाटते. 12 जानेवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं या कायद्यासह तिन्ही नव्या कृषी कायद्यांना स्थगिती दिली. न्यायालयानं नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे आपले अनिल घनवट होते, समितीनं अहवालही दिला. पण नोव्हेंबर 2021 मध्ये संसदेनं कायदेच मागे घेतले. कायदाच उरला नाही, तर निवाडा कशावर द्यायचा? अशा वेळी कायद्याला आव्हान देणारी याचिका 'निष्फळ' ठरते. म्हणजे कायदा बरोबर की चूक हे न्यायालयानं ठरवलंच नाही. प्रांताकडची ती सोय मात्र कायद्याबरोबर गेली.

म्हणून यंदा माल बाजार समितीत घातला तर 24 तासांत पैसे चुकते करून घ्या, तसा नियमच आहे. खळ्यावर द्यायचा असेल तर आधी व्यापाऱ्याचा परवाना पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. सोयाबीन ताडपत्रीवर वाळवून ओलावा 12 टक्क्यांवर आणा, नाहीतर काट्यावर कपात ठरलेलीच. टेम्पो हलण्याआधी रक्कम खात्यात जमा झाली पाहिजे. पुढच्या तारखेचा चेक घेऊ नका.

काटापट्टीवर, म्हणजे वजनाच्या पावतीवर, वजन, भाव, कपात आणि सही असू द्या. यंत्रातून निघणारी गुळगुळीत पट्टी खिशात घामानं आणि उन्हानं महिन्याभरात कोरी होते, तेव्हा लगेच फोटो काढा. पैसे थकलेच, तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या, एक प्रत तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांना द्या आणि दोन्हींवर पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.