एक्सई फाईलमधला मजकूर मराठी करताय? या चुका टाळा

निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत हिशेबाचा जुना प्रोग्राम आहे, एक्सई म्हणजे थेट चालणाऱ्या फाईलच्या रूपात. तो लिहिणारा पोरगा कधीच पुण्याला गेला, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, कुणाकडेच नाही. मालक म्हणाले, "तेवढा मराठी करून द्या की." मालक आणि तो पोरगा, दोघांचीही परवानगी होती म्हणून रिसोर्स हॅकरमध्ये (तयार प्रोग्राममधला मजकूर, मेनू, आयकॉन बदलायचं साधन) फाईल उघडली. तुमच्याकडे परवानगी नसेल तर हात लावू नका.

मूळ फाईलची प्रत आधी बाजूला ठेवा, हे सांगायला नकोच. उघडल्यावर आयकॉनशिवाय फारसं काही दिसलं नाही, तर फाईल बहुधा यूपीएक्सने, म्हणजे फाईलचा आकार कमी करणाऱ्या साधनाने, दाबलेली असते. ती आधी मोकळी करा. डिजिटल सही असलेली फाईल बदलली की सही बाद होते आणि अँटिव्हायरस कुरकुरतो.

आयकॉन बदलला तरी जुनाच दिसतो? विंडोजने जुनं चित्र साठवून ठेवलेलं असतं. फाईलचं नाव बदलून बघा. आणि फक्त 32 पिक्सेलचा आयकॉन घालू नका. 16, 48 आणि 256 चाही लागतो, नाहीतर चित्र फाटल्यासारखं दिसतं.

फाईलमधल्या मजकुराचे तक्ते असतात आणि प्रत्येक तक्त्याला भाषेचा क्रमांक असतो. त्या क्रमांकात मीच फसलो. मराठीचा 1102, कन्नडचा 1099. उत्साहाने 1102 चा नवा तक्ता जोडला आणि पडद्यावर इंग्रजीच! विंडोज इंग्रजी असेल तर ते 1033 चा, म्हणजे इंग्रजीचा तक्ता उचलतं. म्हणून मजकूर 1033 मध्येच बदला. कन्नड हवं असेल तर दुसरी प्रत करा.

वाक्यातल्या टक्क्याच्या खुणेपुढची एस, डी ही अक्षरं म्हणजे नाव आणि आकडा भरायच्या जागा. मराठीत क्रियापद शेवटी जातं, त्या ओघात या जागांची अदलाबदल करायचा मोह होतो. केली, की प्रोग्राम आकड्याच्या जागी नाव शोधतो आणि कोसळतो. क्रम तोच ठेवून वाक्य वाकवा.

एवढं करूनही मेनू झकास मराठी, पण संदेशाच्या खिडकीत नुसती प्रश्नचिन्हं! तासभर फॉन्ट बदलत बसलो. दोष फॉन्टचा नव्हताच. तक्त्यात मजकूर युनिकोडमध्येच (सगळ्या लिप्या मावणाऱ्या पद्धतीत) राहतो, पण असा जुना प्रोग्राम तो वाचताना एएनएसआय या जुन्या, मोजकीच अक्षरं मावणाऱ्या पद्धतीत उतरवतो, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी एएनएसआय कोड पेज, म्हणजे अक्षरांची यादीच नाही. त्यामुळे कंट्रोल पॅनेलमधली भाषा बदलूनही उपयोग नाही. कुणी जुने आठ-बिटी मराठी फॉन्ट (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दाखवणारे) वापरायला सांगतात, पण संदेशाची खिडकी विंडोजचाच फॉन्ट घेते, तिथे कचराच उमटतो.

शेवटी मेनू देवनागरीत ठेवला आणि संदेश रोमन लिपीतल्या मराठीत लिहिले. हे दाखवताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मालकांनी चष्मा वर करून वाचलं, "आम्ही व्हॉट्सॲपवर असंच लिहितो की!"