बार जिथे धरता तिथलं तोंड आधी बघा

आमच्या कोपरखैरण्यात एपीएमसी मार्केटला जाणारी बरीच माणसं साताऱ्याकडची, गालात तंबाखूचा बार ठरलेला, घरात आजी-काकू मशेरी लावणाऱ्या, म्हणून हे लिहितेय. माझ्या काकांच्या तोंडातला चट्टा आम्ही दोन महिने 'तोंड आलंय' म्हणून सोडून दिला, दुखत नव्हता ना, आणि तिथेच चुकलो, सुरुवातीला तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा दुखतच नाही.

तर महिन्यातून एकदा हात धुवून, कवळी असेल तर काढून, आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावा. आधी बार धरता तीच जागा बघा, गाल नि हिरडीच्या मधली खाच, आपल्याकडे बराचसा तोंडाचा कॅन्सर तिथेच सुरू होतो. मग ओठ उलटे करून, जीभ स्वच्छ फडक्याने धरून दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. नुसतं बघू नका, बोटाने चाचपा, कडक लागतंय का, जबड्याखाली नि मानेत गाठ आहे का.

पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा (हा जास्त धोक्याचा), दोन आठवड्यांत न भरणारी जखम, उगाच हलायला लागलेला दात, यातलं काहीही दिसलं तर दातांच्या डॉक्टरकडे नाहीतर पालिकेच्या हॉस्पिटलला जा, घरगुती लेप लावत बसू नका.

आणि स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, जेवताना तिखट झोंबत असेल, तर सुपारी-माव्याने गाल आतून आवळत चाललाय, ही कॅन्सरच्या आधीची पायरी असते. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, तंबाखू नसली तरी, हे लोकांना पटतच नाही. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी पुड्या मिळतातच. वर दारू असेल तर धोका कितीतरी पट वाढतो.

डॉक्टरने बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी छोटा तुकडा काढायला सांगितला की काका हटून बसले, म्हणे तुकडा काढला की पसरतो. तसं नसतं हो, पण समजावण्यात अजून तीन आठवडे गेले. टाटा कॅन्सर हॉस्पिटलचंच अ‍ॅक्ट्रेक केंद्र इथे खारघरला आहे, त्यासाठी परळपर्यंतही जायला नको.

काकूंना त्याच आठवड्यात आरशासमोर बसवलं, मशेरी सुटावी म्हणून १८००-११-२३५६ या सरकारी मोफत नंबरवर फोन मीच लावून दिला.